अनाथ मुलीचे देवक

(मार्गासनी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "ऐतिहासिक कादंबरीतली पोरकी मुलगी." पलीकडून जरा वेळ आवाजच आला नाही. मग अगदी आदराने विचारणा झाली, "गडाबद्दल काही?" राजगडाच्या पायथ्याशी येऊन इतिहासावर बोलायचे, तर गडाला वळसा घालून चालणार नाही हे मला कळते. गड येईलच. पण मला आज शिरायचे आहे ते एका जुन्या गोष्टीत. आपले घराणे कोणते, हे शोधत निघालेल्या मुलीच्या गोष्टीत.

ही गोष्ट तुम्हाला पाठ आहे. वाड्यात पाणी भरणारी एक अनाथ मुलगी असते. गळ्यात ताईत, नाहीतर दंडावर जन्मखूण. वाड्याच्या धाकट्या मालकाचे तिच्यावर मन जडते, थोरल्यांना ते रुचत नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणात एक म्हातारी दासी ताईत ओळखते, हंबरडा फोडते, आणि मुलगी अमुक सरदारांची निघते. मग लग्नाला कोणाचीच हरकत उरत नाही. एकोणिसाव्या शतकात रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला वेड लावले होते. रहस्य, गुप्त जन्म, हरवलेले वारस हा सगळा माल त्या पेठेतून भरपूर आला. आपल्याकडेही हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली होती, रिसबुडांची 'मंजुघोषा' तिच्या मागोमाग. अद्भुताची हौस आपल्याला होतीच. १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी 'मोचनगड' लिहायला घेतली आणि ऐतिहासिक कादंबरी मराठीत उभी राहिली. पुढे हरिभाऊ आपटे आले, नाथमाधव आले. नाथमाधव तर ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीला गेले आणि कड्यावरून पडून कमरेखाली लुळे झाले. स्वराज्याच्या कादंबऱ्या त्यांनी त्या अवस्थेत लिहिल्या. गडावर पुन्हा चढता न येणाऱ्या माणसाने महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना गड चढवले. असो, हे जाता जाता.

माझी तक्रार ताईताबद्दल आहे. ताईत हा एकट्याचा पुरावा. तो एकीच्या गळ्यात असतो आणि एकीलाच ओळखता येतो. आपल्या या मावळात तीनशे-चारशे वर्षांपूर्वी एखादी मुलगी ताईत घेऊन देशमुखाच्या दारात उभी राहिली असती, तर तिला कोणी ओवाळले नसते. विचारले असते, "साक्षीला कोण आहे?"

हे मी मनचे सांगत नाही. इथून भोरच्या बाजूला गेलात की कारी गाव लागते. रोहिडखोऱ्याची देशमुखी असलेल्या जेध्यांचे गाव. त्या घरातली शकावली, म्हणजे घटनांची सालवार नोंद, लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली आणि शिवजन्माच्या तिथीचा वाद नव्याने उभा राहिला, ते सगळ्यांना ठाऊक असते. त्याच घराण्याचा करीना मात्र फारसे कोणी उघडत नाही. करीना म्हणजे घराण्याची हकिकत. वतनाच्या भांडणात आपली बाजू मांडण्यासाठी लिहून काढलेली. त्यात मराठीतली सगळ्यात दमदार अनाथाची गोष्ट चार-दोन कोरड्या वाक्यांत पडून आहे. नाईकजी जेधे यांचा वतनाच्या लोभाने त्यांच्याच भावांनी घात केला. त्यांची बायकोही वाचली नाही. राहिले तान्हे मूल, कान्होजी. देवजी महाला नावाच्या इमानी माणसाने ते मूल उचलले आणि मारेकऱ्यांच्या हाताबाहेर काढले. मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर यांनी त्याला आसरा दिला, वाढवले, आणि आपली मुलगी सावित्री त्याला दिली. कान्होजी मोठा झाला, आपल्या मुलखात परतला आणि देशमुखीवर बसला.

हेच पुढे शिवाजी महाराजांच्या शेजारी उभे राहिलेले कान्होजी जेधे. १६५९ मध्ये अफजलखान चालून आला, आदिलशहाचे फर्मान कारीला आले, तेव्हा कान्होजी मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. ही घटना आपण इमानाची गोष्ट म्हणून सांगतो. ती आहेच. पण ज्या वतनापायी जन्मतःच आई-बाप गेले, जे मिळवायला अर्धे आयुष्य गेले, त्याच वतनावर हा माणूस हातातले पाणी सोडतो. कादंबरीकाराने या एका ओंजळीवर शंभर पाने लिहावीत. मला तरी अशी शंभर पाने वाचायला मिळालेली नाहीत.

आता बघा, कान्होजींच्या गळ्यात ताईत नव्हता. ते जेधेच, हे कशावरून ठरले? देवजीच्या तोंडावरून आणि पासलकरांच्या घरावरून. एका देशमुखाने आपली मुलगी दिली, यापेक्षा मोठी साक्ष त्या काळात नव्हती. ज्याचे कूळ पक्के नाही त्याला कोण मुलगी देणार? सावित्रीचे लग्न हाच कान्होजींचा दाखला होता. आणि सावित्री? ती त्या कागदात एका नावापुरती येते आणि जाते. ती त्याच्याबरोबर एका वाड्यात वाढली असणार. हा आश्रित पोरगा आपल्या बापाच्या मांडीला मांडी लावून का बसतो, हे तिने कधी आईला विचारले असेल का? तिच्यासमोर दोन वाटा होत्या: ज्याला भाऊ म्हणून पाहिले त्याला नवरा म्हणून पाहायचे, किंवा तसे कधी पाहिलेच नाही असे म्हणायचे. करीना लिहिणाऱ्याला याच्याशी देणेघेणे नव्हते. पासलकरांचे मोसे खोरे आज वरसगाव धरणाच्या पाण्याखाली बरेचसे गेले आहे. जलाशयाला बाजी पासलकरांचे नाव आहे. सावित्रीचे कुठे आहे, हा प्रश्न सरकारला विचारण्यात अर्थ नाही. तो लेखकांना विचारायचा.

साक्षीची ही रीत छत्रपतींच्या घरालाही चुकली नाही. संभाजीराजांचे पुत्र शाहूराजे सात वर्षांचे असताना १६८९ मध्ये रायगड पडला आणि ते आईसह मोगलांच्या छावणीत गेले. औरंगजेब मेल्यावर, १७०७ च्या मे महिन्यात सुटले तेव्हा पंचविशीत होते. आई ओलीस राहिली. इकडे फारसे कोणी त्यांना मोठे झाल्यावर पाहिलेले नव्हते. तेव्हा राज्य चालवणाऱ्या त्यांच्या चुलती ताराबाईंनी सांगून टाकले, हा तोतया आहे. मग नागपूरकर भोसल्यांचे मूळपुरुष परसोजी त्यांना येऊन मिळाले आणि त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले. भोसल्याने भोसल्याच्या ताटातला घास घेतला, प्रश्न मिटला. निदान पाहणाऱ्यांपुरता मिटला. ताराबाईंच्या बाजूच्या धनाजी जाधवांनीही आधी खंडो बल्लाळांकडून खात्री करून घेतली आणि मगच खेडच्या लढाईत बाजू बदलली.

या प्रश्नाने आपल्याच भागात एक बळीही घेतला. भोरजवळ आंबवड्याला नागेश्वराचे देऊळ आहे, झुलता पूल आहे. सहलीला जाणारी मुले पुलावर उड्या मारून येतात. तिथेच भोर संस्थानाचे मूळपुरुष शंकराजी नारायण सचिव यांची समाधी आहे. त्यांनी ताराबाईंच्या बाजूने शपथ घेतली होती. शाहूराजे खरे ठरले, त्यांचे बोलावणे आले, आणि शंकराजींना शपथ मोडता येईना, खऱ्या धन्यावर शस्त्रही धरता येईना. १७०७ मध्येच त्यांनी आंबवड्याला स्वतःचा जीव दिला. कोणी सांगतात जलसमाधी, कोणी सांगतात हिरा खाल्ला. पुढे शाहूराजांनी सचिवपद त्यांच्या अगदी लहान मुलाकडे, नारो शंकरांकडे, चालू ठेवले. म्हणजे एका पोरक्या वारसाची ओळख पटली आणि त्या ओळखीतून दुसरे पोर पोरके झाले. त्याच आंबवड्यात कान्होजी जेध्यांचीही समाधी आहे. दोन्ही समाध्या एका दुपारी पाहून होतात.

पण खरी कादंबरी, मला विचाराल तर, रामराजांची आहे. ताराबाईंचा मुलगा दुसरा शिवाजी १७२६ मध्ये पन्हाळ्याच्या कैदेत वारला. त्याच्या मागे त्याचे मूल राहिले. त्या मुलाच्या जिवाला धोका म्हणून ते गुपचूप गडाबाहेर काढले गेले, असे ताराबाईंनी पुढे सांगितले. मूल पानगावला दर्याबाई निंबाळकर या बहिणीच्या आश्रयाने वाढले. नातू आहे, हे आजीने जवळजवळ वीस-बावीस वर्षे पोटात ठेवले. शाहूराजांना मूल नव्हते. त्यांच्या अखेरच्या काळात आजीने तोंड उघडले. १७४९ च्या डिसेंबरात शाहूराजे गेले आणि पानगावचा तो मुलगा साताऱ्याला आणला गेला.

आता साक्ष हवी. ती मागितली नागपूरकर रघूजी भोसल्यांनी, म्हणजे ज्या परसोजींनी शाहूंच्या ताटात घास घेतला त्यांच्याच घराण्यातल्या माणसाने. त्यांचे म्हणणे होते, ताराबाईंनी सर्वांदेखत या मुलाबरोबर एका ताटात जेवावे आणि त्या अन्नावर हात ठेवून सांगावे की हा माझा नातू. सत्तरी ओलांडलेली ती बाई, राजाराम महाराजांची राणी, मोगलांशी सात वर्षे झुंजलेली, जातभाईंच्या पंगतीत बसली, जेवली आणि शपथ घेतली. १७५० च्या जानेवारीत रामराजे गादीवर बसले.

वर्ष झाले नाही तोच आजी आणि नातवाचे बिनसले. तो पेशव्यांच्या विरुद्ध जाईना. नोव्हेंबरात ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावून अटकेत टाकले आणि जाहीर केले, हा माझा नातू नव्हेच, हा गोंधळ्याचा पोर आहे. दोन वर्षांनी, १७५२ च्या सप्टेंबरात, जेजुरीला खंडोबाच्या देवळात पेशव्यांशी समेट झाला, तेव्हा त्यांनी देवासमोर शपथ घेऊन तेच सांगितले. एकाच बाईच्या दोन शपथा: एक अन्नावर, एक खंडोबापुढे. कोणती खरी, यावर इतिहासकारांनी पाने भरली आहेत. मला त्यात वेगळेच काही दिसते. त्या मुलाला, रामराजाला, कोणी विचारले का? पानगावात वाढताना तो स्वतःला काय समजत होता? दर्याबाईने त्याला एखाद्या रात्री सांगितले असेल, तू कोण आहेस. मग आजीने सांगितले, तू तो नाहीस. १७७७ मध्ये मरेपर्यंत तो छत्रपती होता आणि बहुतेक काळ कैदेत होता. घराण्याचा शोध लागला, लागून पुन्हा हरवला, आणि गादी मात्र त्याच्याखाली तशीच राहिली. इतकी निष्ठुर गोष्ट कल्पनेने सुचत नाही.

ही सगळी उदाहरणे मुलग्यांची. मुलींचे काय, असे मागून कोणीतरी मनात म्हणत असेल. बरोबर आहे.

महजर, म्हणजे गोताच्या निवाड्याचे कागद, तुम्ही पाहिले असतील. वतनाचा वाद निघाला की गोत बसे: देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार. ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या व्यवसायाचे चिन्ह काढी. पाटलाचा नांगर तर प्रसिद्धच आहे. बाई असेल तर तिची निशाणी बांगडी. कागदावर एक गोल. तिच्या हातचा. अशा बांगड्या जुन्या कागदांत सापडतात, पण बहुतेक विधवांच्या: दत्तक घेणाऱ्या, मुलगा लहान असताना कारभार पाहणाऱ्या. अनाथ मुलगी गोतासमोर उभी राहून "मी अमक्याची" म्हणते आहे, असा महजर माझ्या वाचनात नाही. कारण साधे आहे. वतन सहसा मुलीकडे जात नसे. ती खरी ठरली काय, खोटी ठरली काय, जमीन चुलतभावांचीच. मग कागद कशाला खर्च करायचा?

आपल्याच भागातली दुसरी बाई आठवा, धाराऊ. कापूरहोळची गाड्यांची. संभाजीराजांचा जन्म १६५७ मध्ये पुरंदरावर झाला, सईबाईंची प्रकृती ढासळली, आणि दूध पाजायला धाराऊ आली. राजे सव्वादोन वर्षांचे असताना सईबाई राजगडावर गेल्या; खाली पाल गावात त्यांची समाधी आहे. धाराऊचे दूध ही साक्ष कुठल्या महजरात येत नाही, पण तिच्या मुलांना पुढे संभाजीराजांच्या चाकरीत मान मिळाला तो त्या दुधाचा. मायेच्या नात्याला त्या काळी मान होता. वंशाच्या यादीत जागा नव्हती, एवढेच.

आज हा शोध घेणाऱ्या मुली आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. लिसा स्थळेकर हे नाव इथल्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलींना माहीत असेल. जन्म १९७९ चा, पुण्यातला. 'श्रीवत्स' या अनाथालयात ठेवलेले तान्हे बाळ, तिथे नाव लैला. हरेन आणि सू स्थळेकर यांनी तिला दत्तक घेतले. अमेरिका, केनिया आणि शेवटी सिडनी. ती ऑस्ट्रेलियाच्या संघातून खेळली, एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी असा दुहेरी टप्पा गाठणारी पहिली स्त्री ठरली, आणि २०१३ चा विश्वचषक मुंबईत जिंकून निवृत्त झाली. मध्यंतरी ती आपली सुरुवात जिथे झाली ती संस्था पाहून आली. तिच्यासारखी शेकडो मुले युरोपात, अमेरिकेत वाढली आणि त्यातली काही मोठी होऊन परत येतात, फाइल मागतात.

फाइल मागायची रीतसर वाट आता नियमांत आहे. दत्तक गेलेली व्यक्ती वयाच्या अठरा वर्षांनंतर स्वतः अर्ज करू शकते. दुसऱ्या कोणाला तिच्या वतीने शोध घेता येत नाही. आणि जन्मदात्या आईचा खाजगीपणा मोडेल अशी माहिती दिली जात नाही. जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा बाळंत होणाऱ्या बाईचे नाव उघड होणार नाही, हीच त्याची पायाभूत अट होती. त्या अटीमुळे किती जीव वाचले. पण ज्या मुलीला आपले मूळ हवे आहे तिच्यासमोर तीच अट भिंत म्हणून उभी राहते. मला दोघींची बाजू खरी वाटते. पूर्वी गोतात सगळे उघडे होते आणि मुलीला तिथे जागा नव्हती. आता मुलीला हक्क आहे, तर गोतच उठून गेले आहे. राहिली फक्त कुलूपबंद फाइल, आणि फाइल ही पुन्हा एकट्याचा ताईत.

तेव्हा इथे मागे बसलेल्या शाळेतल्या मुला-मुलींपैकी कोणाला कादंबरी लिहायची असेल, तर मी एक कथानक देऊन ठेवतो. मला स्वतःला ते पेलणार नाही.

सतराव्या शतकातला मावळ. एक मुलगी, तान्हेपणी पळवून आणलेली, परक्या वाड्यात वाढलेली. वाड्यातल्या मुलाचे तिच्यावर मन आहे, तिचेही त्याच्यावर. वाड्यातल्या थोरल्या बाईंचा विरोध नाही. बाई चांगल्या आहेत, वाईट सासूचा साचा नको. अडचण एवढीच की लग्न ठरवायला बसले की मांडवात देवक बसवावे लागते, आणि या मुलीला आपले देवक ठाऊक नाही. कोणाचे पंचपल्लव, कोणाचा कळंब, कोणाचे आणखी काही. एकाच देवकाच्या दोन घरांत सोयरीक होत नाही, हे इथे बसलेल्या प्रत्येक आजीला माहीत आहे. तेव्हा तिला आपले घराणे शोधावेच लागते. वतनासाठी नव्हे, ते मिळणारच नाही. लग्नासाठी.

ती शोधायला निघते. ताईत नाही. देवजीसारखा एक म्हातारा महाला आहे, त्याला निम्मे आठवते. एक गुरव आहे, तो भीतीपोटी बोलत नाही, कारण तिच्या बापाला मारणारे चुलते अजून गढीवर बसले आहेत. ती पार मोसे खोऱ्यात जाते, रोहिड्याच्या पायथ्याशी जाते, इथून गुंजवणीच्या काठाने जाते. शेवटी गोत बसते. आणि तोवर वाचकाच्या लक्षात आलेले असते की तिचे देवक त्या मुलाच्या देवकाशी जुळण्याची भीती आहे. खरी साक्ष मिळाली तर घराणे मिळेल आणि मुलगा जाईल. साक्ष मिळाली नाही तर दोन्ही जातील. महाला तोंड उघडतो, तेव्हा त्याने काय सांगावे?

गोतासमोर बसलेल्या पाटलाने त्या मुलीला आधी विचारावे की पोरी, तुला हे ऐकायचे आहे का, असे मला वाटते. त्या काळात असे कोणी विचारले असते का, याची मला शंका आहे. रामराजाला विचारले नव्हते. पण कादंबरीकाराला एवढी मोकळीक आहे. विचारल्यावर ती काय म्हणाली, हे लिहिताना लिहिणाऱ्याने आपल्या घरातल्या आजीला जरूर विचारावे. देवक चुकवून किंवा लपवून झालेले लग्न प्रत्येक खोऱ्यात एखादे तरी असते, आणि त्याबद्दल आजी पहिल्या दिवशी काही सांगत नाही.